गवताखालचं प्लास्टिक

सुलभा घाडी पुस्तक परत करायला आली, तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी शेवटच्या पानावरची तारीख बघितली. तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "उशीर झाला काका. बाबा गेले ना, गेल्या मंगळवारी." आणि मी, सतरा वर्षं या वाचनालयाचा चिटणीस असलेल्या माणसाने, पुस्तकावर शिक्का मारला. तो नीट उमटला नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारला. सुलभा थोडा वेळ थांबली. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. मग "येते" म्हणून गेली.

तिचे बाबा म्हणजे शिवराम घाडी, आमच्या गोरेगाव पूर्वेच्या वसाहतीत सगळ्यांचे घाडीदादा. राहायचे वाचनालयापासून पंधरा मिनिटांवर, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत. जे थोर लोक आम्हाला दिवाणखान्यातल्या टीव्हीवरही दिसले नाहीत, त्यांच्या निधनाची बातमी आम्ही वाचनालयाच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहितो. जो माणूस पाच वर्षं रोज दुपारी आमच्या बाकावर बसत होता, तो गेला त्या आठवड्यात फळ्यावर 'वाचकांनी पंखे बंद करून जावे' एवढंच होतं.

घाडीदादा मूळचे मालवणाकडचे. इथे गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपानंतर गिरणी त्यांच्यापुरती उघडलीच नाही. दोन वर्षं मिळेल ते केलं आणि मग जवळच्या एका सिनेमाच्या स्टुडिओत त्यांना जे काम मिळालं, ते बापाकडून आणि आजाकडून आलेलं होतं: गवताची छपरं शाकारायचं. गावी त्यांचं घर केंबळी होतं, म्हणजे गवती छपराचं. गिरणीत असतानासुद्धा दर वर्षी मे महिन्यातली रजा त्यांनी घरावर चढण्यातच घालवली होती. स्टुडिओत खेडं उभं करायचं असलं की यांना बोलावणं यायचं. चार दिवसांचं खेडं, पाचव्या दिवशी मोडायचं. त्याबद्दल त्यांची तक्रार नसायची. एकदा मात्र चिडून आले होते. गरीब विधवेच्या झोपडीचं छप्पर यांनी घातलं आणि वरून पाइपाने पाऊस सोडल्यावर आत थेंब पडेना. "डायरेक्टर माझ्यावर वराडता," दादा सांगत होते, "म्हणता, गळाक होया! सीन गळूचो आसा! शेवटी माका काठी घेवन आपल्याच छपराक भोक पाडूक लावल्यानी. तीन ठिकाणी पाडलंय, तरी म्हणता, अजून दुःख दिसणा नाय."

दुपारी तीनला ते वाचनालयात यायचे. वर्तमानपत्र मागच्या पानावरून वाचायला घ्यायचे आणि हवामानाच्या अंदाजाशी बराच वेळ भांडायचे. 'तुरळक सरी' म्हणजे नेमक्या किती, हा त्यांचा प्रश्न मी आजवर कोणाला समाधानकारक सोडवता आलेला पाहिला नाही. मी पुस्तकांतला माणूस. मला छप्पर म्हणजे पाणी अडवणारी वस्तू एवढंच ठाऊक. दादांनी एकदा कागदाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून मला दाखवलं की गवत पाणी अडवत नाही, उतरवतं. एक काडी पाणी दुसरीवर सोडते, दुसरी तिसरीवर, आणि उतार पुरेसा असला तर ते आत शिरायच्या आधीच खाली पोचतं. नवीन छप्पर पहिल्या दोन-तीन पावसांत थोडं टिपकतं. मग गवत फुगतं, एकमेकांत बसतं आणि टिपकायचं थांबतं. मधल्या वेळात ते सुकवतो वारा, खालून लागणारा. हे सगळं मला समजलं होतं. माझी अडचण हीच आहे की ते मला समजलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी सगळी वसाहत आंघोळी करून, टीव्हीला हार घालून पौराणिक मालिका बघायला बसत असे. त्या मालिकेत ऋषींच्या झोपड्या असायच्या. आमचे अध्यक्ष नानासाहेब यांना त्या पाहून वाचनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत एक पर्णकुटी असावी असं वाटू लागलं. तिथे व्याख्यानं होतील, दुपारी वाचक बसतील, एका बाजूला जुन्या मासिकांच्या बांधीव अंकांचं कपाट राहील. कार्यकारिणीतल्या अकरा जणांपैकी निदान सात जणांनी कोकणातलं आपलं गवती घर मोडून त्यावर स्लॅब टाकला होता. त्या सातांचे डोळे या कल्पनेने सगळ्यात जास्त पाणावले. घाडीदादांनीही ती मालिका पाहिली होती. त्यांचं मत एवढंच होतं, "त्या ऋषीच्या खोपीक उतार नाय. पावसात तपश्चर्या खंय करतलो?"

काम अर्थातच त्यांना दिलं. दिवाळीनंतर कापून वाळवलेलं गवत त्यांच्याकडे होतं. त्यांचा उत्साह मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. स्टुडिओत लागल्यापासून त्यांनी शेकडो छपरं घातली होती आणि त्यातलं एकही पावसाळा बघायला उरलं नव्हतं. हे उरणार होतं. उतार किती असावा यावरून ते नानासाहेबांशी भांडले आणि जिंकले. नानासाहेबांशी भांडून जिंकलेला दुसरा माणूस मला माहीत नाही. वासे चढले, त्यांवर बांबूच्या कामट्या बांधून झाल्या, आणि मी काळ्या प्लास्टिकची गुंडाळी घेऊन तिथे हजर झालो.

ही कल्पना संपूर्ण माझी. ग्रामीण घरबांधणीवरची कुठलीशी एक पुस्तिका मी वाचली होती. तिच्यात गवताखाली प्लास्टिक अंथरावं असं छापलेलं होतं. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची माझी जुनी खोड. शिवाय मला त्या बांधीव अंकांची काळजी होती.

"चिटणीसानू, ह्यां कित्याक?" दादांनी वरूनच विचारलं. मला चिटणीस म्हणायचे ते नेहमी किंचित थट्टेने.

"खबरदारी म्हणून. खाली पुस्तकं राहणार आहेत."

ते खाली उतरले. "गवताक खालसून वारो लागता. ह्यां घातलास तर गवत कुसतलां. आणि सुंभ ओढताना दाभण खंयसून घालू? प्लास्टिकातसूनच ना? मगे हजार भोकां पडतली. गवतातलां पाणी सुकाचां सोडून ह्येच्यार साचतलां."

मी पुस्तिकेचं सांगितलं.

"लिवणाऱ्यान कधी छप्पर घातलेलां काय?"

ते पुस्तिकेत दिलेलं नव्हतं. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि मला वाद नको होता. मी म्हटलं, "दादा, तुम्ही घाला. जबाबदारी माझी." त्यांनी मग गुंडाळी खांद्यावर घेतली. "बरां. तुमची तर तुमची," म्हणाले आणि चढले...

उद्घाटन आषाढातल्या पहिल्या रविवारी ठेवलं होतं, कारण नानासाहेबांना ते काव्यमय वाटलं. तोवर तीन आठवडे पाऊस झाला होता. मंचाच्या बरोबर वर प्लास्टिकला एक पोट सुटलं होतं. ते मी सकाळीच पाहिलं आणि सावली असेल म्हणून सोडून दिलं. गवताला कुजका वासही यायला लागला होता. एका सभासदाने त्याला मातीचा सुगंध म्हटलं. पाहुणे म्हणून शहरातले एक मान्यवर आले होते. मातीशी असलेल्या नात्यावर बोलणार होते. गाडीपासून मंचापर्यंत चिखल होता म्हणून आम्ही त्यांच्यासाठी फळ्या टाकल्या. "हे नुसतं छप्पर नाही," ते म्हणाले, "हे आपल्या संस्कृतीचं छत्र आहे." त्यांनी छत्राकडे हात केला आणि ते फाटलं. पाणी चहाच्या रंगाचं होतं, त्यात कुजलेल्या काड्या होत्या. फोटोत मधोमध यावं म्हणून नानासाहेब पुढे सरकून बसले होते, त्यामुळे बहुतेक सगळं त्यांच्यावर पडलं. लोक पाहुण्यांकडे धावले. घाडीदादा शेवटच्या ओळीतून उठले आणि कपाटाकडे धावले. ते आणि सुलभा मिळून बांधीव अंक छातीशी धरून आतल्या खोलीत नेत होते. मी टॉवेल शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी तातडीची सभा झाली. नानासाहेब अजून शिंकत होते. त्यांनी विचारलं, "काम कोणाचं होतं?" मी म्हटलं, "घाड्यांचं." एक सभासद म्हणाले, "आणि हे प्लास्टिक असताना! प्लास्टिक नसतं तर काय झालं असतं?" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. ती वेळ बोलायची होती. मी इतिवृत्त लिहीत होतो, ते लिहीत राहिलो. 'पर्णकुटीच्या छताचे काम सदोष असल्याने गळती झाली. सदर काम श्री. शि. घाडी यांनी केले होते.' दोन्ही वाक्यं सुटी सुटी खरी आहेत. काम सदोषच होतं आणि ते त्यांनीच केलं होतं. मी फक्त तिसरं वाक्य लिहिलं नाही.

पुढच्या सभेत ते लिहायचं असं मी ठरवून गेलो होतो. संस्थांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक सभेची सुरुवात मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून ते कायम करण्याने होते, आणि ते वाचायचा कंटाळा असल्यामुळे 'वाचले असे समजून' कायम करण्यात येतं. आमच्याकडे सतरा वर्षांत एकदाही इतिवृत्त वाचलं गेलेलं नाही. नानासाहेबांनी "वाचलं असं समजून?" एवढं म्हटलं, दहा माना हलल्या, आणि मी चष्मा पुसून होईपर्यंत सभा सिमेंटच्या पत्र्यांच्या विषयावर गेली होती. त्याच आठवड्यात पत्रे बसले. 'पर्णकुटी' ही पाटी तेवढी तशीच ठेवली, कारण ती चांगली रंगवली होती.

इतिवृत्ताचा तो उतारा मी नियमाप्रमाणे फळ्यावर लावला. दादा आले, उभ्याने वाचला, वर्तमानपत्र न उघडताच गेले. पुन्हा आले नाहीत. मुंबईच्या वसाहतीत विनोद फार लवकर तयार होतो. कोणाचा नळ टिपकला की "घाड्यांना बोलव रे" असं म्हणायची पद्धत पडली. ज्या गणपतीच्या मांडवाची गवती कमान दादा दर वर्षी हौसेने करून द्यायचे, त्या मंडळाच्या पोरांनी त्या वर्षी त्यांना सांगितलं, "दादा, नको यार, बाप्पा भिजेल." पोरं ते हसत हसतच म्हणाली असणार. सुलभा त्यांच्या शेजारी उभी होती, असं मला नंतर कळलं.

हे सगळं कानावर येत असताना मी काय केलं? एकदा नानासाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी लिंबाचं सरबत दिलं आणि माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, इतिवृत्त कायम झालंय," ते म्हणाले. "घटनेत तरतूद नाही. आणि आता उकरून काय उपयोग? पत्रे छान बसलेत." त्यांच्यावर रागावून मी घरी आलो. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं. टेकडी चढून दादांच्या घरी जायला कुठलीच तरतूद लागत नव्हती, आणि ती पंधरा मिनिटं मला दोन वर्षांत चालता आली नाहीत.

शेवटची भेट बाजारात झाली. माझ्या हातात दुधी होता. दादा वाळले होते, पण चौकशा करायचं सुटलं नव्हतं.

"पत्र्याखाली उकाडो होता काय हो?"

"होतो. फार होतो."

"मगे दुपारचे वाचणारे बसतत खंय?"

"बसत नाहीत."

ते "अरेरे" म्हणाले. वाईट वाटल्यासारखे. स्वतःबद्दल नाही, त्या वाचणाऱ्यांबद्दल. मी तिथेच म्हणायला हवं होतं... दोन शब्दांचं काम होतं. पण भाजीवाली मागून ओरडत होती, लोक ढकलत होते, आणि असली गोष्ट हातात दुधी घेऊन बोलायची नसते असं मला वाटलं. ती कशी बोलायची असते हे मला अजून माहीत नाही. दादांनी दुधीला एकदा नखाने टोचून बघितलं, "कोवळो आसा" म्हणाले आणि निघून गेले. महिनाभरात गेलेच.

दुखवट्याचा ठराव मीच मांडला. तिसरं वाक्य त्यात घातलं: 'पर्णकुटीच्या छपरात गवताखाली प्लास्टिक घालण्यास कै. घाडी यांचा विरोध होता. ते चिटणिसांनी आग्रहाने घालायला लावले आणि गळती त्यामुळेच झाली.'

नानासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, दुखवट्याच्या ठरावात प्लास्टिक?"

"पोकळी घाला ना," दुसरे म्हणाले. "कधीही न भरून येणारी."

"ती घातलीय. तिच्यानंतर प्लास्टिक आहे."

"पण शोभतं का ते?"

"नाही शोभत," मी म्हटलं. "पण खरं आहे. लिहायचं नसेल तर मला चिटणीसपदावरून काढा, म्हणजे दुसरं कोणीतरी लिहील."

चिटणीसपदाची धमकी आमच्याकडे नेहमी लागू पडते, कारण ते काम कोणालाच नको असतं. "राहू दे, राहू दे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच आहे ना शेवटी?" असं म्हणून सगळे उभे राहिले. एक मिनिटाची शांतता चाळीस सेकंदांत आटोपली. पुढच्या सभेत ते इतिवृत्त कायम झालं. वाचलं असं समजून. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. एकाचीही पापणी हलली नाही. घाडीदादांवरचा ठपका अधिकृतपणे निघाला आणि ही गोष्ट त्या खोलीतल्या एकाच्याही लक्षात आली नाही. म्हणूनच हा लेख छापायला दिला आहे. पुरवणीतला लेख वाचला असं समजून चालत नाही, तो न वाचता बाजूला तरी टाकावा लागतो.

ठरावाची शिक्का मारलेली प्रत घेऊन मी शेवटी टेकडी चढलो. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. घर म्हणजे एक खोली आणि वर सामान ठेवायचा माळा. घाडीवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सुलभाने प्रत मोठ्याने वाचून दाखवली. तिने तिसरं वाक्यही पूर्ण वाचलं, कागदाची घडी घातली आणि आईच्या हातात दिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनींनी कागद उलटसुलट करून बघितला. मला वाटलं आता त्या रडतील किंवा मला काही बोलतील. दोन्हीची तयारी ठेवून मी गेलो होतो.

"म्हणजे त्यांची चूक नाय, असां झालां?" त्यांनी विचारलं.

"हो वहिनी. चूक माझी होती."

"मगे आता कधी घालूचां?"

मला कळेना. "काय?"

"छप्पर." त्यांनी माळ्याकडे बोट केलं. "गवत आसा. दिवाळी झाली काय हे नवां आणीत, आदलां काढून टाकीत. मी म्हणी, घरात माणसांक जागा नाय, ह्यां कित्याक भरतास? तर म्हणत, वाचनालयातसून कोण बोलवक इलो तर गवत तयार होयां. हिरवां गवत चालणा नाय."

माळ्यावर खरोखरच गवत होतं. सुंभाने बांधलेल्या पेंड्या, बुडखे एका बाजूला, शेंडे एका बाजूला, भिंतीपासून हातभर सोडून, वारा लागेल अशा रचलेल्या. मी एक वाक्य घेऊन आलो होतो आणि त्या बाईला छपराची तारीख हवी होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. माणसाची चूक नव्हती असं ठरलं, तर काम त्याच्या पद्धतीने पुन्हा करायचं. दुसरा काय अर्थ होतो? आमच्या अकरा जणांच्या कार्यकारिणीला, मी धरून, हा अर्थ सुचला नव्हता.

"आता घालणारे नाहीत ना, वहिनी," मी म्हटलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मगे घेवन जावा. तुमचांच आसा तां."

सुलभाने आणि मी हातगाडी करून सगळ्या पेंड्या खाली आणल्या. वाचनालयात दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून पत्र्याखालच्या टेबलावरच रचल्या. भिंतीपासून हातभर सोडून. नानासाहेबांना आगीची भीती वाटते, एका सभासदाला शिंका येतात, आणि साप येतील असं तिसऱ्याने लेखी कळवलं आहे. रोज सकाळी कोणीतरी त्या पेंड्या उचलून बाहेर ठेवतं आणि रोज संध्याकाळी मी त्या आत आणतो. काल नानासाहेबांनी मला थांबवून विचारलं, "हे किती दिवस चालणार?" मी म्हटलं, दिवाळीपर्यंत. त्यानंतर हे काढून टाकायचं आणि नवं आणायचं. दादा टेकडीवर गवत नेमकं कुठे कापायचे ते मला माहीत नाही. सुलभाला माहीत आहे. ती दाखवते म्हणाली आहे, पण चढ बराच आहे, काका, तुम्हाला जमेल का, असंही म्हणाली.